एक्केचाळीस नंबरची काच

“पुन्हा बघ,” सर म्हणाले.

तिने तिसऱ्यांदा मायक्रोस्कोपला डोळे लावले. एक्केचाळीस नंबरची काच. जिभेच्या कडेचा बारीकसा तुकडा, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेला. पेशी वेड्यावाकड्या, त्यांची केंद्रकं काळीभोर, आणि खालची हद्द ओलांडून त्या थेट आत घुसलेल्या. दुसऱ्या वर्षाच्या पोरानेही ओळखलं असतं.

“कॅन्सरच आहे, सर.”

“मला नाही वाटत.” सरांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

दंत महाविद्यालयाच्या या खोलीत ती चार वर्षं काचा बघत होती. विद्यार्थी तिला पाठीमागे ‘घार’ म्हणायचे; प्रयोगशाळेतले काका तर तोंडावरच. दोन ज्येष्ठ डॉक्टरांनी निर्धोक ठरवलेली काच तिने एकदा परत पाठवली होती. खूप आदळआपट झाली, पण शेवटी खरं तिचंच निघालं.

सरांचं संशोधन बारा वर्षांचं होतं. तोंडात पांढरे चट्टे आलेल्यांना एक औषध द्यायचं आणि त्या चट्ट्यांचा पुढे कॅन्सर होतो का, ते पाहायचं. नावं झाकलेली, काचेवर फक्त नंबर. दोघांनी वेगवेगळं वाचायचं. मत जुळलं नाही, तर समोरासमोर बसून एकच निकाल लिहायचा. चाळीस काचा सुरळीत पार पडल्या होत्या, एकीतही कॅन्सर निघाला नव्हता. घोडं अडलं ते इथे.

ही एक काच बारा वर्षांवर पाणी फिरवू शकते, हे तिला दिसत होतं. आणि तिच्या प्रबंधावर सरांची सही अजून व्हायची होती. सकाळी डबा भरताना नवरा म्हणालाच होता, “या वर्षी तरी संपव बाई. नाहीतर पोरगी मलाच आई म्हणायला लागेल.”

“माझा प्रबंध बघितलात का, सर?” तिने चाचपून पाहिलं.

“टेबलावरच आहे. पण या काचेचं उरकल्याशिवाय माझं कशातच लक्ष लागणार नाही.”

इतकं स्पष्ट ते कधी बोलले नव्हते.

“हा पेशंट... त्याला कळायला नको का?”

“त्याची काळजी तू करू नकोस. तो माझ्या नजरेखाली आहे. बाहेरच्या हॉस्पिटलातही दाखवलंय त्याला.” सर खिडकीपाशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. “तू फक्त तुला काय दिसतं ते सांग. पण नीट बघ. घाई करू नकोस.”

बाहेरच्या हॉस्पिटलात दाखवलंय. म्हणजे त्याचे उपचार कुठे अडणार नव्हते. हा कागद तर नुसता संशोधनाचा. तिने मनाला तसं दोनदा समजावलं, आणि दुसऱ्यांदा ते बऱ्यापैकी पटलं.

तिने पुन्हा डोळे लावले. काच तीच होती, पेशीही त्याच होत्या.

“बरोबर आहे तुमचं, सर. नुसती सूज असावी. माझीच गफलत झाली.”

सर गर्रकन वळले. “नक्की?”

“नक्की.”

“माझ्या भिडेखातर नाही ना म्हणत?”

“नाही, सर.”

तिने तक्त्यात ‘कॅन्सर नाही’ असं लिहिलं आणि सही ठोकली. मान वर करायचा तिला धीर होईना.

सर खुर्चीत मटकन बसले. खिशातून फोन काढून त्यांनी घरचा नंबर लावला.

“अगं, परवाचं ऑपरेशन नको म्हणून कळव त्यांना... हो, तिनेच बघितली. मुद्दाम नंबर टाकून बाकीच्यांत मिसळली होती, तिला कुठून कळणार कोणाची आहे ते!... छे गं, ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही. तिने एकदा नाही म्हटलं म्हणजे नाही.” त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. “वाचली गं माझी जीभ.”