भाडोत्री प्रवासी

"ऊठ," कंडक्टर मुस्योका ओठ न हलवता म्हणाला.

ओचोला उठला नाही. खिडकीशी, पुढच्याच सीटवर, कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसून राहिला.

नैरोबीच्या त्या स्टँडवर गाड्यांत नुसतं बसून राहणं हाच ओचोलाचा धंदा. रिकाम्या गाडीत कोणी चढत नाही, म्हणून कंडक्टर चार-पाच माणसं पैसे देऊन बसवून ठेवतात. खरे प्रवासी आले की ती गुपचूप उतरतात आणि पुढच्या गाडीत जाऊन बसतात. मुस्योकाच्या विजेच्या बसला तर अशी माणसं जास्तच लागायची. इंजिनाचा आवाज नाही, म्हणून ही आता निघणार हे कोणाला खरंच वाटायचं नाही.

पण आज मालकीण वांगेचीबाई स्वतः दारात उभ्या होत्या. कालच त्यांनी बजावलं होतं, "एक जरी भाडोत्री दिसला, तर बस कारखान्याला परत आणि तू घरी."

आणि आज गाडी भरत आली होती. कोणालाही पैसे देऊन न बसवता. फक्त हा एक सोडून.

"उतर ना बाबा. माझ्या पोटाचा प्रश्न आहे."

"मी काय करतोय? गप बसलोय."

"तेच तर. तुझं थोबाड अख्खं स्टँड ओळखतं."

तेवढ्यात बाई आत आल्याच. थेट ओचोलासमोर.

"काय रे, इथे बसायचे किती देतो हा तुला?"

मुस्योकाने मान खाली घातली. संपलं.

ओचोलाने खिशातून नोट काढून मुस्योकाच्या हातात दिली. "आज मीच देतोय, बाई. शेवटच्या स्टॉपचं."

"तिथे बस बनवायच्या कारखान्याशिवाय आहे काय?"

"तिथेच चाललोय. आजपासून नवी पाळी सुरू होतेय. मला सीटा बसवायला घेतलंय."

"तुला? तुला काय येतं?"

"त्यांनीही हेच विचारलं. म्हटलं, कित्येक वर्षं या स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांत बसतोय. कुठली सीट कुठे टोचते, मला विचारा."

बाईंना हसू आवरेना. त्या तिथेच बाजूला टेकल्या.

बस निघाली. मुस्योका पैसे गोळा करत मागे सरकला.

"कुठे?"

"कारखाना."

"तुम्ही, ताई?"

"कारखाना."

पार मागच्या सीटपर्यंत कोणी दुसऱ्या स्टॉपचं नावच घेतलं नाही.