इंजिनावर शिंपडलेलं तीर्थ

“बॅटरी चांगली, पेट्रोल भरपूर, मग घोडं अडलंय कुठं?” जुन्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून दामोदरपंत वैतागले. देवळात माणसं जमली होती. घशाच्या दुखण्यानंतर वर्षाने त्यांच्या पत्नी कुमुदताई आज कीर्तनाला उभ्या राहणार होत्या. डॉक्टर हो म्हणाले, तरी मोठ्याने बोलायचं धाडस अजून त्यांना होत नव्हतं.

“अहो, सकाळी दसऱ्याच्या पूजेला बॉनेट कशाला उघडलं होतंत?” ताईंनी कुजबुजत विचारलं.

“तीर्थ शिंपडायला. नुसत्या टपावर शिंपडून इंजिनाला काय पुण्य?”

“कळशीभर शिंपडलंत की काय?”

पंतांनी जीभ चावली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, तर आत थेंबच थेंब! ठिणगी प्लगपर्यंत पोचणार कशी? खांद्यावरच्या नव्या उपरण्याने त्यांनी झाकण कोरडं केलं, बसवलं आणि देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. गाडी धडधडली.

“पांडुरंग हरी!” ताईंच्या तोंडून निघालं ते असं खणखणीत, की छपरावरची कबुतरं उडाली.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मग पंतांनी त्याच उपरण्याने डोळे पुसले.

“अहो, तोंड धुवा! बुक्क्याने माखल्यासारखे दिसताय,” ताई म्हणाल्या, चांगल्या मोठ्याने.