पितळेचा जोड

टण्ण!

आवाज झाला आणि वाहिद मिस्त्रीचा चहाचा कप ओठाशीच थांबला. बिडाचं लोखंड तडकल्याचा आवाज त्याला झोपेतसुद्धा ओळखू आला असता. तो गॅरेजच्या शेडमागं धावला. भट्टीजवळच्या राखेच्या ढिगातून वाफा उसळत होत्या आणि धनीबाई रिकामी बादली घेऊन उभी होती.

"राखंत इस्तू व्हता, बापू," म्हातारी म्हणाली. "मले वास आला. बाजूले जिनिंग, सारा कापूस पडला हाय. म्हनून इझवला." तिच्या तोंडावर चक्क समाधान होतं.

आता हिला काय बोलावं! कापसाच्या हंगामात दिग्रसमध्ये विडीचं थोटूकदेखील लोक पाणी टाकून विझवतात. त्यात म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. राखेत काय पुरलंय ते तिला दिसणार कुठून?

पुरला होता तिच्याच पोराच्या, पूनमसिंगच्या जीपचा मॅनिफोल्ड. इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर सोडणारा बिडाचा जाडजूड नळ. जीप लष्कराच्या लिलावातली, इंजिन भंगारातून आणलेलं, भलत्याच गाडीचं. त्यामुळं नळाचं तोंड नेमकं स्टेअरिंगच्या दांड्यावर यायचं आणि धूर बसणाऱ्यांच्या नाकात जायचा. वाहिदनं दोन दिवस खपून ते तोंड कापलं, खाली वळवलं, पितळेनं जोडलं आणि गरम राखेत पुरलं. बीड राखेतच सावकाश निवावं लागतं. एकदम गार केलं की गेलं.

गेलंच होतं. जोडाच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर पडली होती.

पूनमसिंगनं ती बघितली आणि तो आईकडं वळला. "याडी, काय केलं वं हे!"

यवतमाळच्या डोळ्यांच्या शिबिराचा उद्या शेवटचा दिवस. तिकडं डोंगरात पूनमसिंगच्या तांड्यात सहा म्हातारी माणसं गाठोडी बांधून जीपची वाट बघत बसली होती. तिथवर एस.टी. जात नव्हती. धनीबाई सातवी.

"तुले इथूनच एस.टी.नं नेतो याडी," पूनमसिंग म्हणाला. "तुहं तरी काम होईन."

"अन् ते साहाजन?"

पूनमसिंगनं तिच्या हातातली बादली काढून घेतली.

"मंग मी बी नाही जात. माह्या हातानं मोडलं, अन् मीच एकटी पाहू?" असं म्हणत म्हातारी खाली बसली आणि ओल्या राखेत हात घालून तो नळ चाचपायला लागली.

वाहिद चिडला की पाना भिरकावणारा माणूस. एक सणसणीत शिवी त्याच्या जिभेवर येऊन बसली होती. पण ती सुरकुतलेली बोटं राखेत शिरलेली पाहिली आणि त्यानं झटकन तिचं मनगट धरलं. शिवी गिळली.

"हात भाजन, माय. जोडतो मी पुन्हा. पन जोडाले पितळ लागते, अन् माह्यापाशी होतं ते संपलं. ते यवतमाळाहून येते."

म्हातारीनं पाय पुढं ओढला. पायातला वाळा चाचपला.

"हे पितळच हाय ना?"

"राहू दे, माय."

"काढ म्हनते ना!"

वाळा निघता निघेना. लग्नात चढवलेला, तेव्हापासून तो तिथंच. शेवटी इंजिनचं तेल चोळलं तेव्हा घोट्यावरून सुटला. खाली पांढरं, मऊ कातडं निघालं.

पूनमसिंग भाता मारायला बसला. वाहिदनं वाळा तोडला, ठोकून सरळ केला. नळ लाल झाला तसा पितळ नीट धरावं म्हणून सुहागा टाकला आणि वाळ्याचं टोक चिरेवर टेकवलं. पितळ वितळून पिवळंधमक आत पसरत गेलं. दिवस मावळायच्या आत नळ पुन्हा गरम राखेत गेला.

"आता सकाळलोक कोनी हात लावाचा नाही," वाहिद म्हणाला.

धनीबाईनं बादली पालथी घातली आणि तिच्यावरच ठाण मांडून बसली. "कोनी येऊन तं पाहा!"

सकाळी निवलेला नळ बसवला आणि उजाडता उजाडता जीप सुरू झाली. धूर निमूट मागच्या बाजूनं निघाला, जोडातून फुंकरसुद्धा आली नाही. वाहिद मोठ्यानं म्हणाला, "अल्ला, तुहे लाख शुकर!"

दीड महिन्यानं तीच जीप शेडसमोर थांबली. जाड भिंगाचा चष्मा लावलेली धनीबाई कुणाचाही हात न धरता उतरली. वाहिदच्या अगदी पुढ्यात येऊन तिनं त्याला न्याहाळलं.

"तू तं पोरगाच हायस रे! आवाजावरून मले वाटे, बुढा असशीन."

वाहिदला हसू फुटलं. "बाकीचे कसे हायेत, माय?"

"सातहीजन पाहून राह्यलो. डाक्तरचे उपकार हायेतच, बापू. पन त्या दिवशी तू शिवी गिळली ना, ते आयकू आलं होतं मले. मरेलोक भुलनार नाही मी."

 डोळे पुसायला वाहिदनं ग्रीसचं फडकं उचललं आणि तोंड काळं करून घेतलं.

"दाखव माहा वाळा," म्हातारी म्हणाली.

त्यानं बॉनेट उचललं. काळ्या बिडावर वेडीवाकडी पिवळी रेघ होती. म्हातारी वाकून ती किती तरी वेळ बघत राहिली.

"नवा वाळा आनून देतो, माय," वाहिद म्हणाला. "एक पाय उघडा दिसते तुहा."

धनीबाईनं खाली आपल्या पायांकडं पाहिलं. मग जीपच्या पत्र्यावर हात ठेवला.

"कायले? एक माह्या पायात हाय, एक इच्यात. चालतो ना आमी दोघीबी."