चौथी ओळ

मन्मथअप्पानं माइकवर दोनदा टिचकी मारली, "नमस्कार गावकरी मंडळी" म्हटलं, आणि तेवढ्यात चांगुणाबाई पंचायतीच्या खोलीत शिरली. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मागोमाग तिची सून विशाखा आली, हातात मोबाईल घेऊन.

रोज सकाळी सातला अप्पा भोंग्यावरून हवामानाचा अंदाज वाचायचा. मोबाईलवर आलेला मजकूर तो अशा थाटात वाचायचा, जणू वारा त्याला विचारूनच सुटतो. गावही तसंच. आभाळाकडे नंतर बघायचं, आधी भोंगा ऐकायचा.

"चांगुणे, बाहेर थांब जरा. वाचून होऊ दे," अप्पा म्हणाला. ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी होती, तरी तो तिला चांगुणेच म्हणायचा.

ती थांबली नाही. अप्पाचं बोट माइकच्या बटणाकडे जायच्या आत तिनं आपला चिंध्यांचा हात बटणावर ठेवला. भोंगा चालूच राहिला. समोर नळावर घागरी भरणाऱ्या बायांनी माना वर केल्या.

"आजचं ऱ्हाऊ द्या, अप्पा. परवाचं वाचा. मंगळवारचं."

मंगळवारी तिची सातशे पेंढ्यांची कडब्याची गंजी जळाली होती. पाडव्याच्या आत शेताचा धुरा, म्हणजे बांध, जाळून काळा झालाच पाहिजे, ही इथली रीत. अप्पानं त्या सकाळी आपल्या धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटवलं. गडी दहा वाजता राखेवर पाणी शिंपडून घरी गेले. दुपारी वारा उठला, राखेतला निखारा उठला, आणि गायरान चाटत जाळ चांगुणाबाईच्या गंजीवर आला. सासू-सुनेनं लिंबाच्या डहाळ्यांनी आग झोडपली. म्हशीचं दावं कापताना म्हातारीचे हात भाजले. कंधारहून बंब आला तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. पाऊस पडून हिरवं येईपर्यंत म्हशीला घालायला काडी नाही.

हे एकवेळ सोसलं असतं. पण काल पंचनाम्याला अप्पा पुढं झाला आणि म्हणाला, आमचा धुरा सकाळीच विझला होता. म्हातारी रानात चूल पेटवते, ठिणगी तिथलीच. जिचं जळालं तिनंच जाळलं, असं कागदावर आलं. गावानं माना डोलावल्या. रोज खरं सांगणारा आवाज आजच खोटं कशाला सांगेल?

संध्याकाळी विशाखानं मोबाईलवर मंगळवारचा अंदाज शोधून काढला. ओळी चार होत्या. भोंग्यावरून तीनच आल्या होत्या.

"परवाचं वाचून आता काय करतीस?" अप्पा म्हणाला. त्याचा आवाज गावभर घुमला, तसा त्यानं तो खाली आणला. "कडब्याचंच असंल तर माझ्या गंजीतल्या दोनशे पेंढ्या घेऊन जा. खामखा तमाशा नको."

"पेंढ्या तर नेणारच हाय. दोनशे न्हाई, सातशे. पर आधी वाचा."

"अगं, अंदाज म्हंजी अंदाज. रोज का खरा ठरतो? गडी सांगून ठिवले व्हते, पाडवा तोंडावर आला. ती ओळ वाचली असती तर मलाच धुरा..."

तो थांबला. बाहेर एक घागर भरून वाहत होती. नळ कुणीच बंद केला नाही.

चांगुणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात पहिल्यांदा ती अप्पाला अरेतुरे बोलली.

"तुझा धुरा काळा व्हावा म्हणून ओळ गिळलीस व्हय रं? मंगळवारी माझी चूल पेटलीच न्हवती. भाकर घरून नेली व्हती. तू नुसतं सांगितलं असतंस, वारा येणार हाय, तर गंजीभवती दोन सऱ्या नांगरून घेतल्या असत्या, जाळ तिथंच अडला असता. म्हस घरी आणून बांधली असती. येवढंच पायजे व्हतं मला. मदत न्हाई, पेंढ्या न्हाई, एक ओळ. ती बी तुझ्या तोंडातून निघाली न्हाई. आन वर माझ्या चुलीचं नाव घेतलंस."

अप्पानं दाराकडे पाहिलं. दारात माणसं जमली होती. त्यात त्याचे दोन्ही गडीही होते. ते खाली बघत होते.

"वाच," चांगुणाबाई म्हणाली. "तुला जमत न्हसंल तर माझी सून वाचंल. बी.ए. झालेली हाय."

विशाखानं मोबाईल त्याच्यासमोर धरला.

अप्पानं घसा खाकरला. पहिली ओळ वाचली, तापमानाची. दुसरी, पाऊस नसल्याची. तिसरी, आभाळ निरभ्र राहण्याची. रोजचा खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. मग चौथी आली.

"दुपारनंतर पश्चिमेकडून जोराचे कोरडे वारे वाहतील. पुढील तीन दिवस शेतात धुरे किंवा काडीकचरा पेटवू नये. सकाळी विझवलेली आगही वाऱ्याने पुन्हा भडकू शकते."

वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला. हात बटणाकडे नेला. चांगुणाबाईचा हात अजून तिथंच होता. चिंधीतून जखमेचं पाणी पाझरून बटण ओलं झालं होतं.

"वर हे तुला कधी आलं ती येळ लिवलेली हाय," ती म्हणाली. "ती राहिली."

अप्पानं चष्मा पुन्हा चढवला.

"मंगळवार," भोंगा म्हणाला. "सकाळी सहा वाजून दहा मिनिटं."