दहापर्यंत मोजा

"...एवढं सांगून झालं की गप्प बसा," गाडीतला आवाज म्हणाला. "मनात दहापर्यंत मोजा. त्या शांततेत जो आधी बोलेल, तो हरला."

फ्रेमवाल्याने गाडी सिग्नलला थांबवली आणि तेवढाच भाग पुन्हा लावला. आज तिसऱ्यांदा. शेजारच्या सीटवर काका झोपले होते. पट्टा लावला की त्यांचे डोळे मिटायचे, ते दुकान येईपर्यंत उघडत नसत. हनुवटी छातीवर, हात मांडीवर. काकांचं घर वाटेवरच होतं, म्हणून रोज सकाळी चाळीस मिनिटं हे दोघे आणि तो आवाज.

ऑडिओबुक धंदा वाढवण्याबद्दल होतं. एकवीस प्रकरणं. सांगणाऱ्याला आयुष्यात कधी साधी सर्दीही झाली नसावी, असा आवाज. फ्रेमवाला ते दीडपट वेगाने ऐकायचा, कारण वेळ वाचवायचं पुस्तक सावकाश ऐकणं त्याला बरं दिसेना. पण अकराव्या प्रकरणात तो तीन आठवडे अडकला होता. प्रकरणाचं नाव 'ओझं उतरवा'. जुन्या माणसाला कामावरून कसं कमी करावं, ते त्यात पायरीपायरीने सांगितलं होतं. शुक्रवार निवडा. कामं आटोपल्यावर बोलवा. समोर बसवा. आभार एकदाच माना. माफी मागू नका.

ओझं म्हणजे काका. वडिलांच्या वेळचे कारागीर. यंत्रावर दिवसाला तीस चौकटी निघत. काका तीन करायचे, आणि त्यातल्या एकीचा कोपरा मनासारखा बसला नाही म्हणून ती पुन्हा उघडायचे. फ्रेमवाल्याला काच कापायला त्यांनीच शिकवलं होतं. हात एका दमात फिरव, मध्ये थांबलास की तडा भलतीकडे जातो. एवढंच शिकवलं, पण चार वर्षं शिकवलं.

इअरफोन लावावेत, असं त्याला एकदा वाटलं होतं. पण झोपलेल्या माणसापुढे कसला आडपडदा? आणि जागे असते तरी काकांना असलं ज्ञान म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

गेले तीन आठवडे तर काकांनी हद्दच केली होती. ते खणांवर चिठ्ठ्या चिकटवत बसायचे. कुठल्या खणात कुठली पट्टी, कुठले खिळे. एका वहीत जुनी गिऱ्हाइकं लिहून काढत होते, कुणाला सोनेरी रंग चालत नाही, कुणाच्या भिंतीला ओल आहे. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात याला वेळेची गळती म्हणतात. फ्रेमवाला बघायचा आणि मूग गिळून बसायचा. शुक्रवार ठरलेलाच होता.

तो शुक्रवार आज होता. संध्याकाळी बाकीचे घरी गेले. यंत्र बंद झालं. त्याने काकांना आत बोलावलं. ते हात पुसत आले आणि त्याने सांगायच्या आधीच खुर्ची ओढून समोर बसले. एक पायरी आयतीच कमी झाली.

"काका, दुकान आता बदलतंय," तो म्हणाला. "तुमच्यासाठी इथे काम उरलेलं नाही. इतकी वर्षं केलंत, त्याबद्दल आभार. उद्यापासून येऊ नका."

एका दमात म्हणाला. आवाज कुठे अडकला नाही. मग तो गप्प बसला, आणि टेबलावरच्या त्याच्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला.

एक. दोन. काका त्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होते. तीन. ते रागावतील, जुनं काहीतरी काढतील, याची त्याने तयारी ठेवली होती. चार. त्यांनी काहीच काढलं नाही. पाचला त्याला आठवलं, वडील गेले त्या सकाळीही दुकान काकांनीच उघडलं होतं, कारण कुणाला तरी लग्नाचा फोटो द्यायचा शब्द दिलेला होता. सहा. अंगठा मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर आला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज त्याला आवरेना.

"काका," तो म्हणाला, "काहीतरी बोला ना."

काकांनी मान हलवली. काच वाकडी तुटली की हलवायचे, तशीच.

"पुन्हा मध्येच थांबलास, बाळ," ते म्हणाले. "दहापर्यंत मोजायला सांगितलंय त्याने. अजून चार राहिलेत."