सोमवारचं मौन

दर सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत मौन धरते. त्या सोमवारी सकाळीच यांनी अंगणात गाडीचं बोनेट उघडलं. इंजिनात कार्बन धरल्यानं गाडी धक्के देत होती. यांनी प्लग काढले, तारेच्या ब्रशनं काळं घासून काढलं, प्लगांची ताटली माझ्या हातात दिली आणि इंजिनात स्प्रे मारत बसले.

दारात आमची लेक संस्कृती उभी होती. नवऱ्यानं पिरगळलेला तिचा हात अजून सुजलेलाच होता.

"बॅग भर," हे तिला म्हणाले. "गाडी चालू झाली की वडगावला सासरी सोडतो तुला. नांदायचं म्हणलं की व्हतंच थोडंफार."

"आईला तर विचारा, पप्पा."

"ती काय बोलती आज? सोमवार हाय. म्हणून तर आजचा दिवस धरला."

मी ताटली घेऊन परसात गेले आणि रिकामी घेऊन आले.

"प्लग कुठं हायेत गं?"

"आडात टाकले."

"मौन मोडलंस? आता देवाला काय सांगशील?"

"लेक घरात ठेवून घेतली म्हणून सांगीन. तुमी काय सांगताल?"