दीड महिन्याचं माप

खोळवाल्यानं लेकीच्या बैठकीच्या खोलीत पिशवीची चेन ओढली, दोन कड्या धरून एक झटका दिला आणि जमिनीवर बाळाचा बिछाना उभा राहिला. वर छत, चारी बाजूंनी जाळी, खाली गादी, ऊन येईल त्या बाजूला सोडायला पडदा. मिटला की काखेत मारून चालू लागावं एवढासा. कड्यांचा आवाज नाही की चेनीची करकर नाही. सोफ्यावर बसलेली त्याची बायकोसुद्धा "अगंबाई" म्हणाली, आणि नवऱ्याच्या कामाला सहजासहजी दाद देणारी ती बाई नव्हे.

वाद्यांच्या, कॅमेऱ्यांच्या, मोजणीच्या यंत्रांच्या खोळी शिवण्यात त्याचा हात धरणारा सबंध बाजारात कुणी नव्हता. खोळ तयार झाली की तो वस्तू आत घालायचा, कानाशी धरून हलवायचा. आत जरा जरी खुट्ट झालं की सगळी शिवण उसवून पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तो आपला ढिम्म.

लेक जमिनीच्या मोजणीवर जायची, उन्हातान्हात, माळरानावर. साहेब भला माणूस. रजा संपली की बाळाला खुशाल घेऊन या म्हणाला, फक्त ऊन, धूळ, मुंग्या यांपासून झाकलेली चांगली जागा तिला हवी. असा बिछाना बाजारात तयार मिळत होता. लेक तो मागवणार, एवढ्यात बाप आडवा आला होता. मी जिवंत असताना बाजारचा माल आणलास तर माझं नाक कापलंस असं समज, म्हणाला. मग तिनं नाही मागवला. त्यानं नातीचं टाचेपासून टाळूपर्यंत माप घेतलं, त्या मापाची वाळू भरलेली एक बाहुली शिवली आणि दुकानात स्वतःला कोंडून घेतलं. पहिल्या नमुन्याची जाळी बाहुलीच्या नाकाशी यायची. तो मोडला. दुसऱ्याच्या बिजागरीत बोट सापडायचं. तोही मोडला. तिसऱ्यात तसं काही वाईट नव्हतं, पण चेन करकरायची. काम पुरं झाल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही, ही त्याची जुनी खोड. सुट्टीच्या दिवशीसुद्धा नातीला मांडीवर घ्यायला यायची त्याला सवड झाली नाही. आजचा हा चौथा.

"घाल तिला आत," तो म्हणाला.

लेकीनं बाळाला निजवलं. पाय पसरायला गेली तर तळवे जाळीला टेकले. गुडघे मुडपून घेतले बिचारीनं. मग कुशीवर वळली, हात रोवून उठून बसली आणि डोक्यानं छत वर ढकललं. जाळीतून आजोबांकडे पाहून हसली, खालचे दोन दात दाखवून.

खोळवाल्यानं खिशातून टेप काढली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. दोराभराचीही चूक नव्हती. माप तर बरोबर आहे, असं तो पुटपुटला, तेव्हा बायकोनं विचारलं, कधीचं माप? दीड महिन्याची असतानाचं. बाळाला आता आठवा सरत आला होता.

बायकोनं जन्मभर लहान मुलांचे कपडे शिवले होते. शिवणीत दोन बोटं माया ठेवल्याशिवाय तिनं साधा फ्रॉक कधी शिवला नव्हता. तिला त्यानं एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"अहो, लेकरू आहे ते," ती म्हणाली. "व्हायोलिन नव्हे."

तो ओशाळून हसला. आठ दिवस दे, लेकीला म्हणाला, खालची बाजू उसवतो, लांबी वाढवतो, छत उचलतो. आता काय, हातचंच काम आहे.

लेकीनं बाळाला बाहेर काढून खांद्यावर घेतलं. "राहू द्या, बाबा. आता घाई नाही."

इतक्या मऊ आवाजात म्हणाली की त्याला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. रजा सहाव्या महिन्यात संपली. साहेबांनी एक महिना वाढवून दिला, मग आणखी पंधरा दिवस. गेल्या सोमवारी त्या जागेवर दुसरी मुलगी आली. मोजणीचं यंत्र तिच्या ताब्यात देऊन झालं.

"मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही इतकं जीव लावून करत होतात. तुमचं मन मोडवेना."

वरातीमागून घोडं, असं बायकोच्या अगदी ओठांवर आलं असणार, पण तिनं उठून बाळाला लेकीच्या खांद्यावरून आपल्याकडे घेतलं. खोळवाला खाली बसून बिछाना मिटू लागला. बाजारचा चार दिवसांत आला असता. ओबडधोबड असता, करकरला असता, आणि पोर आज माळावर असती. हे त्याला आता लख्ख दिसत होतं, आणि दिसून काही उपयोग नव्हता.

निघताना दाराशी त्याला लेकीच्या त्या यंत्राची खोळ दिसली. लेकीला नोकरी लागली तेव्हा त्यानंच शिवून दिलेली. आठ वर्षांत कोपरे झिजले होते, टाका मात्र एकही सुटला नव्हता. त्यानं ती उचलली. हाताला हलकी लागली. सवयीनं कानाशी धरून त्यानं हलवली.

आत काहीच हललं नाही.